तिसरा ढीग

कार्यालयात त्यांना सगळे तराजूबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे तराजूबाई. एकदा शिपायाच्या तोंडून ते नाव त्यांच्यासमोरच निसटलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता 'ओ' दिली आणि पुढचं पत्र उघडलं.

आमचं दैनिक फक्त राजकारणाचं. खेळ नाही, सिनेमा नाही, कोडं नाही. हवामान पाचव्या पानाच्या तळाशी, तेही जागा उरली तर. असं दैनिक विकत घेणाऱ्या माणसाला करमणूक म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या दैनिकालाच शिव्या घालणं. त्या शिव्या, सूचना, तक्रारी आणि वर्षाकाठी एखादं कौतुक, असा सगळा माल रोज सकाळी बाईंच्या टेबलावर येऊन पडे. पत्रं, ईमेल, वेबसाइटवर भरलेले फॉर्म, फोनवरून सांगितलेलं, सगळंच. बाई वाचक प्रतिसाद विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे त्यांचं हाताखालच्या माणसांशी कधी बिनसलं नाही.

मी मुद्रितशोधक. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, त्या तिसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. म्हणजे त्यांचा दिवस मला दिसे आणि त्यांची संध्याकाळ मला छतातून ऐकू येई. मला त्यात फार रस होता अशातला भाग नाही, पण कान काही बंद करून ठेवता येत नाहीत.

आता तराजूबाई हे नाव का, ते सांगतो. आमच्या संपादकांचा, म्हणजे साहेबांचा, एक सिद्धांत होता. दोन्ही बाजूंनी सारख्याच शिव्या पडल्या की समजावं, बातमी बरोबर आहे. हा सिद्धांत त्यांना नुसता बोलायला नको होता, डोळ्यांना दिसायला हवा होता. म्हणून आलेला प्रत्येक ईमेल आणि प्रत्येक फॉर्म बाई कागदावर छापून घेत. 'तुम्ही सरकारला विकले गेलात' म्हणणारे कागद डावीकडे आणि 'तुम्ही विरोधकांना विकले गेलात' म्हणणारे उजवीकडे. मंगळवारच्या बैठकीत हे दोन ढीग साहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवले जात. साहेब त्यांच्यावर आपला हात आडवा ठेवून बघत, सुतार फळी सपाट आहे का बघतो तसा. हात सरळ राहिला तर चहा यायचा. डावीकडचा ढीग उंच निघाला तर पुढचा आठवडाभर एखाद्या मंत्र्याची खैर नसे, आणि उजवीकडचा निघाला तर विरोधी पक्षातल्या कोणाची तरी जुनी भानगड उकरून काढली जाई.

मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून निव्वळ बावळटपणाची वाटत आली. एखाद्या बातमीवर दोन माणसं दोन टोकांनी चिडली म्हणून ती खरी कशी ठरते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण मुद्रितशोधकाला वेलांटीखेरीज काही विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

बाई मात्र ढीग मनापासून लावत. नवऱ्याच्या माघारी माहेरी परत आल्या, टायपिस्ट म्हणून इथे लागल्या आणि याच टेबलावर त्यांचे केस पिकले. सकाळचं टपाल संपल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत. 'तुमच्या दैनिकात आम्ही भजीसुद्धा बांधणार नाही' असं लिहिणाऱ्यालाही त्या सहीनिशी उत्तर देत, की आपल्या भावना पोहोचल्या, कळावे. फोन आला की स्पीकर सुरू करून पुढ्यात ठेवत, कारण ऐकता ऐकता त्यांना लिहून घ्यायचं असे. त्यामुळे जगातली निम्मी भांडणं माझ्या टेबलावरून जात.

पण काही कागद असे असत की ते डावीकडे बसत नसत आणि उजवीकडेही. त्या माणसाला सरकारचं काही देणंघेणं नसे आणि विरोधकांचंही. त्याच्याबद्दल आमच्या दैनिकात काहीतरी चुकीचं छापून आलेलं असे आणि ते दुरुस्त करून हवं असे, इतकंच. वेबसाइटच्या फॉर्मवर त्यासाठी तिसरा चौकोन होता, 'इतर'. हे कागद बाईंच्या टेबलाखाली एका खोक्यात जात. पूर्वी ते तिथून थेट रद्दीत जायचे. बाईंनी भांडून भांडून त्यांच्यासाठी शुक्रवार मिळवला. शुक्रवारी खोकं उघडायचं, एकेक तक्रार वार्ताहराकडे नेऊन तपासायची, खरी निघाली तर पाचव्या पानावर हवामानाच्या वर दुरुस्ती छापायची. क्रम आला तसा. मालकांच्या मेव्हण्याचं नाव एकदा चुकलं, तर मालकांचा फोन आला तेव्हाही बाई म्हणाल्या, "फॉर्म भरायला सांगा, नंबर लागेल तेव्हा बघू." मालक चिडले आणि मेव्हण्यांनी फॉर्म भरला. ही गोष्ट कार्यालयात बरीच वर्षं चघळली गेली.

त्या खोक्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त नर्सबाई. मंत्र्यांच्या मेव्हण्याने बेकायदा बंगला बांधला अशी बातमी आम्ही छापली होती. बातमी खरी होती, फोटो शेजारच्या घराचा होता. शेजारचं घर नर्सबाईंचं. त्यांच्या फाटकावर लोकांनी काळं फासलं, कुंड्या फोडल्या. पाचव्या पानावर दुरुस्ती छापली गेली, पण ती कोणी वाचली नाही. नर्सबाई दर महिन्याला फोन करत. आरडाओरडा नाही, काही नाही. "बाई, तुमच्या पाचव्या पानापर्यंत आमच्या गल्लीत कोणी पोहोचत नाही हो," एवढंच म्हणत. बाई लिहून घेत आणि कागद पुन्हा खोक्यात टाकत. नर्सबाई समजूतदार आहेत, असं त्या मला कौतुकाने सांगत.

बाईंच्या घरी आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे दिवसभर लोकांना वरखाली नेण्याची सोय करून हा गडी संध्याकाळी स्वतः तीन जिने चढे आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्या हत्यारांच्या पिशवीचा खणखणाट होई. स्वभावाने गरीब. राजकारणाशी त्याचा संबंध एवढाच, की सरकारी इमारतीतल्या लिफ्ट जास्त बिघडतात असं त्याचं मत होतं.

एका सकाळी वरून बाईंच्या आईची आरोळी ऐकू आली. "अगं बाई, आपला हा पहिल्या पानावर!"

आईंनी चष्मा लावला नव्हता. त्यांना मुलाचा चेहरा दिसला, एवढा मोठा, रंगीत. फोटोखालची ओळ दिसली नाही. मी खाली माझा अंक उघडला. आदल्या दिवशी विरोधी पक्षाच्या लोकांनी पालिकेच्या सभागृहात घुसून खुर्च्या मोडल्या होत्या, त्याचा फोटो. पुढे मधोमध आमचा लिफ्टवाला. हातात वर उगारलेला पाना, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ओळ होती, 'सभागृहात तोडफोड करताना विरोधी पक्षाचे कार्यकर्ते.' आदल्या दिवशी पान लागायच्या आत मी आणि बाई दोघंही घरी आलो होतो.

खरी हकीकत त्याने मला जिन्यातच सांगितली. तो तळमजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. गलका ऐकून वर आला, तर चारदोन जण लिफ्टच्या दारावर खुर्ची आपटत होते. "मी ओरडत होतो, लिफ्टला हात लावू नका, लिफ्टला हात लावू नका," तो म्हणाला. "दार आत्ताच बसवलं होतं हो मी."

दुपारी कंपनीने त्याला घरी बसवलं. त्यांची निम्मी कामं सरकारी इमारतींतली, तोडफोड करणारा माणूस त्यांना परवडणारा नव्हता. गुरुवारी चौकशी ठेवली. तोवर काही पुरावा असेल तर आणा, नाहीतर राजीनामा द्या, असं सांगितलं. त्याने लिफ्टशिवाय दुसरं काम कधी केलेलं नव्हतं आणि तोडफोडीचा शिक्का घेऊन आलेल्या माणसाला दुसरी लिफ्ट कंपनी दारात उभी करणार नव्हती.

संध्याकाळी छतातून जे ऐकू आलं ते असं.

"ताई, तू उद्या साहेबांना सांग. दोन ओळी छापायला काय लागतं?"

"फॉर्म भर."

"काय?"

"वेबसाइटवर फॉर्म आहे. तो भर. 'इतर'वर खूण कर."

"अगं, मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणूनच म्हणते. मालकांच्या मेव्हण्याने भरला होता."

यावर भावजय म्हणाली, "ताई, मालकांच्या मेव्हण्याची नोकरी चालली नव्हती." मग एक खुर्ची सरकली. फॉर्म भरला गेला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाईंनी तो कागदावर छापून घेतला, वाचला आणि खोक्यात सगळ्यात खाली ठेवला.

मला त्यांचा भयंकर राग आला. नियमाने वागणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण नियमापुढे स्वतःच्या भावाला उभं करणारी माणसं मला समजत नाहीत. मी तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "शुक्रवारी खोकं उघडेल."

"चौकशी गुरुवारी आहे."

"माहीत आहे मला."

आणि शुक्रवारचं तरी काय घेऊन बसलात? निवडणुका लागल्यापासून एकही शुक्रवार झाला नव्हता. वार्ताहर सगळे सभांना बाहेर, तपासणार कोण? खोकं भरून वर आलं होतं आणि बाईंनी त्याच्या शेजारी दुसरं आणून ठेवलं होतं.

मंगळवारी बैठक झाली. त्या फोटोवर पत्रांचा पाऊस पडला होता. सरकारवाले म्हणत होते, गुंडांचे चेहरे दाखवता पण त्यांच्या पुढाऱ्याचं नाव लपवता, तुम्ही विरोधकांचे. विरोधक म्हणत होते, आमच्या शांत मोर्चाला गुंड ठरवता, तुम्ही सरकारचे. साहेबांनी ढिगांवर हात ठेवला. हात अगदी सरळ राहिला.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले. "फोटो बरोबर आहे."

"एक कागद 'इतर'मध्ये आहे," बाई म्हणाल्या. "तो म्हणतो, बरोबर नाही."

"इतर शुक्रवारी ना? नियम तुमचाच आहे, बाई." आणि चहा आला.

बाई जागेवर परत आल्या आणि त्यांनी पुढचं पत्र उघडलं. वर घरी भावजयीने बोलणं टाकलं होतं आणि भाऊ बिचारा हत्यारं पुसत बसे, त्याचा आवाज तेवढा येई. आईंनी मात्र फोटोचं कात्रण आरशाच्या कोपऱ्यात खोचलं होतं. ते काढायचं धाडस कोणाला होईना.

बुधवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा दोन्ही खोकी टेबलावर होती. नव्याने आलेले डावे उजवे कागद तसेच गठ्ठ्यात बांधलेले, टपाल न फोडलेलं. बाईंच्या हातात चहाचा कप होता. इतक्या वर्षांत टपालाआधी चहा मी पहिल्यांदाच पाहिला.

"आज शुक्रवार आहे का?" मी विचारलं.

"आजपासून रोज शुक्रवार," त्या म्हणाल्या आणि पहिला कागद उचलला.

भावाचा कागद ओढून वर घेणं किती सोपं होतं! त्यांनी तो हलवला नाही. वरपासून सुरुवात केली. सभेला गेलेल्या वार्ताहरांना फोन लावून लावून त्यांनी भंडावून सोडलं. एका शाळाशिक्षकाला आम्ही पक्षाचा खजिनदार केलं होतं, नाव एकच म्हणून. एका बेकरीवाल्याचा फोटो फरार उमेदवाराच्या जागी गेला होता आणि लोक त्याच्याकडून पाव घेत नव्हते. एका बाईंच्या तोंडी आम्ही घातलेलं वाक्य त्या कधी बोललेल्याच नव्हत्या. काही तक्रारी खोट्याही निघाल्या, त्यांना बाईंनी तिथल्या तिथे तसं कळवलं. नर्सबाईंचे कागद तर एकावर एक इतके, की त्यांची वेगळी चळत झाली. त्यातला पहिला, सगळ्यात जुना कागद बाईंनी बराच वेळ हातात धरला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर खाली ठेवला.

भावाचा कागद हातात आला तेव्हा उन्हं उतरली होती. बाई फोटोवाल्याकडे गेल्या. फोटोवाला साधा माणूस, त्याने लगेच कॅमेऱ्यातले बाकीचे फोटो काढून दाखवले. पुढच्याच फोटोत लिफ्टवाल्याची पाठ होती आणि पाठीवर लिफ्ट कंपनीचं नाव. "मी नावाकडे बघितलंच नाही," फोटोवाला म्हणाला. "पाना काय मस्त आला होता!"

साहेबांच्या खोलीत बाई गेल्या आणि दार उघडं राहिलं. मी हातातली प्रुफं घेऊन दाराशी उभा राहिलो. मला तिथे काही काम नव्हतं.

साहेबांच्या टेबलावर त्या आठवड्याचे दोन ढीग होतेच. बाईंनी त्यांच्या शेजारी खोक्यातला सगळा ढीग नेऊन ठेवला. तो त्या दोघांपेक्षा उंच होता. साहेबांनी सवयीने हात आडवा धरला. हात तिरका झाला.

"हा कसला?"

"इतर."

"एवढा?"

"कोणाची बाजू न घेणारेही वाचक आहेत आपल्याला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वरच्या दुरुस्त्यांची चळत पुढे सरकवली. "ह्या खऱ्या निघाल्या. शेवटची लिफ्टवाल्याची आहे. तो माझा सख्खा भाऊ. आधीच सांगते, मागाहून कोणी बोलायला नको."

साहेबांनी ती वाचली. माणूस वाईट नव्हता. "अरेरे," ते म्हणाले. "द्यायलाच हवी. पाचव्या पानावर, नेहमीच्या जागी."

"फोटो पहिल्या पानावर होता."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बाई, इतकी वर्षं तुम्ही दुरुस्त्या आणताय. मी पाचवं पान म्हणतो, तुम्ही बरं म्हणता. त्या नर्सबाईंच्या घराच्या वेळी तर मीच विचारलं होतं, पहिल्या पानावर घ्यायची का? तुम्हीच म्हणालात, त्या समजूतदार आहेत, पाचवं चालेल." त्यांनी चष्मा काढला. "आज घरचा माणूस आला आणि पहिलं पान आठवलं?"

मला वाटलं बाई काहीतरी खणखणीत बोलतील.  पाठमोऱ्या होत्या, तरी त्यांची मान खाली गेलेली मला दिसली. साहेबांचंही बरोबर होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"हो," शेवटी त्या म्हणाल्या. "आज आठवलं. म्हणून सगळ्या पहिल्या पानावर घ्या. आल्या त्या क्रमाने. नर्सबाईंची सगळ्यात वर, त्याची सगळ्यात खाली."

"आणि जागा संपली तर?"

"तर त्याची राहील."

साहेबांनी तिन्ही ढिगांकडे पाहिलं. त्यांच्या हातानेच त्यांची पंचाईत केली होती, तो सरळ राहायला तयार नव्हता. "लोक म्हणतील, इतक्या चुका करतात म्हणजे विकलेच गेलेत."

"ते दोन्हीकडचे रोजच म्हणतात."

साहेबांनी एक कॉलम दिला. एकच.

पान लावणाऱ्याच्या मागे मी उभा होतो. नर्सबाईंचं घर लागलं, शिक्षक लागला, बेकरीवाला लागला. एकेक करत कॉलम भरत गेला आणि लिफ्टवाल्याची दुरुस्ती पानाच्या खाली लोंबकळत राहिली. चार ओळी बाहेर. बाई शेजारीच होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वरच्या कोणाची कापायची नाही." मग आपल्या टेबलाशी जाऊन पर्स आवरायला लागल्या.

मी आयुष्यात कधी कोणाची बातमी कापलेली नाही, माझा तो अधिकार नाही. पण कॉलमच्या माथ्यावर मंत्र्यांचं भाषण होतं आणि मंत्री सुरुवातीला जे बोलले होते तेच शेवटी पुन्हा बोलले होते. मी साहेबांच्या दारातून नुसतं एवढं म्हटलं, की भाषणाचा शेवटचा परिच्छेद दोनदा आलाय. साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच कापल्याची खूण केली. लिफ्टवाला पानात बसला.

गुरुवारी सकाळी भावजयीचा आवाज छतातून पुन्हा सुरू झाला. "सगळ्यात खाली?" ती म्हणत होती. "घरची माणसं सगळ्यात खाली?" पण तिने अंक घडी करून नवऱ्याच्या पिशवीत घातला असावा, कारण तो जिना उतरला तेव्हा पिशवीतून कागद डोकावत होता. चौकशीच्या साहेबाने तो कॉलम वरपासून वाचायला घेतला म्हणे. बेकरीवाल्यापर्यंत पोचल्यावर तो हसायला लागला, मग त्याने शेजारच्याला बोलावून वाचून दाखवला, आणि आमचा लिफ्टवाला घाम पुसत आपल्या चार ओळींची वाट बघत उभा. सोमवारपासून कामावर ये, असं सांगितलं. पालिकेतच, त्याच लिफ्टवर. त्या दाराचं काम अर्धवट राहिलं होतं.

आईंना या दुरुस्तीचंही कात्रण हवं होतं, पण त्यात फोटो नाही म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला. आरशात पाना उगारलेला फोटोच राहिला.

कार्यालयात दिवसभर फोन खणखणत होते. सरकारवाले म्हणत होते, कबूल केलंत ना, आता आमच्याबद्दल छापलेलंही खोटंच समजायचं. विरोधकही तेच म्हणत होते, आपल्या बाजूने. बाई डावीउजवीकडे कागद लावत होत्या. टपालानंतर चहा आला होता. माझ्या हिशेबाने सगळं पूर्वपदाला आलं होतं.

दुपारी नर्सबाईंचा फोन आला. स्पीकर सुरूच होता.

"लागली हो एकदाची," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर, दुरुस्त्यांत सगळ्यात वर. गल्लीतले चौघं पेपर घेऊन दारात आले. काळं फासणारा सांगत होता, फाटक रंगवून देतो."

"फार उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"ते झालंच. आता काय त्याचं. पण मला एक सांगा बाई, इतके दिवस मी एवढे फोन केले, तुम्ही एवढं लिहून घेतलंत, आणि आता एकदम कसं काय जमलं? काय झालं तरी काय?"

साहेबांनी मोठ्या मनाने निर्णय घेतला, असं सांगता आलं असतं. नियमात बदल केला, असंही सांगता आलं असतं आणि ते खोटं नव्हतं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"रांगेत तुमच्या मागे माझा भाऊ येऊन उभा राहिला," त्या म्हणाल्या.

 मी प्रुफावर मान घातली.

"असं होय," नर्सबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नेहमीसारखाच समजूतदार आवाज. "मग त्याला आधीच नाही का पाठवायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. "पाठवायला हवं होतं."